खंजिरी घेऊन सातासमुद्रापार

मोहफुलं वेचायचे दिवस होते. पहाटे चारला उठून, टोपली भरून, मग अंगणवाडी उघडून आणि घरचा स्वयंपाक आटोपून आमच्या मंडळातली एक बाई संध्याकाळी माझ्या दारात उभी राहिली. चेहरा उतरलेला. मला वाटलं, घरी कुणाचं काही बिनसलं. आत बोलावलं, पाणी दिलं, तर म्हणते, "ताई, पोरीले जर्मनीले बोलावलं जी. गानं म्हनाले."

अशी बातमी आणि असा चेहरा? मी पेढे मागणार होते, तेवढ्यात तिने पदर डोळ्यांना लावला.

मुलगी माझ्या ओळखीचीच. लहानपणी आमच्या ब्रह्मपुरीतल्या भजनी मंडळात आईच्या मांडीवर झोपायची, मग खंजिरी धरायला लागली, मग पेटी. नागपूरला राहून संगीतात एम.ए. केलं. वडशाच्या एका नाटक कंपनीत दोन सीझन ऑर्गन वाजवला. झाडीपट्टीची नाटकं तुम्हाला सांगायला नकोत. दिवाळी झाली, धान कापून घरात आलं की मंडईच्या निमित्ताने रात्र रात्र चालणारी. ऑर्गनवर मुलगी बसली आहे म्हटल्यावर बायका मांडवात मुद्दाम पुढे येऊन बघून जायच्या. "पोरगी वाजवते म्हनते!" तिचं कुणीतरी मोबाईलवर काढलेलं खंजिरी भजन फिरत फिरत जर्मनीतल्या एका मराठी मंडळाकडे पोचलं. त्यांनी गणेशोत्सवात बोलावलं. दहा दिवस, तीन गावं, तीन कार्यक्रम. जायचं-यायचं तिकीट त्यांचं, राहायचं मंडळातल्या कुटुंबांकडे, वर मानधन. पण मंडळ छोटं, तिकीट एकाचंच. म्हणजे तबलजी नाही, सोबतीण नाही. गाणारी तीच, पेटी तिचीच, खंजिरी तिचीच आणि सामान उचलणारीही तीच.

घरात रण माजलं होतं. बाप तयार, आजी तर फारच तयार. पण मोठे बाबा, म्हणजे मुलीच्या वडिलांचे मोठे भाऊ, अडून बसले. वय चोवीस, स्थळं येताहेत, आणि ही एकटी विलायतेत जाऊन लोकांपुढे गाणार? "मग कोन करते लग्न?" एवढा एकच प्रश्न.

आमच्या मंडळाच्या भिंतीवर तुकडोजी महाराजांचा फोटो आहे, हातात खंजिरी असलेला. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत असा फोटो नसलेलं गाव शोधून सापडणार नाही. मी तिला त्या फोटोची आठवण दिली. म्हटलं, "१९५५ साली हा माणूस याच खंजिरीसकट जपानला गेला होता. माहीत आहे ना?"

तिला माहीत होतं. आपल्याकडे हे पोराबाळांनाही माहीत असतं, फक्त आपण त्याचा विचार करत नाही. जरा डोळ्यांपुढे आणून बघा. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत १९०९ साली जन्मलेला माणिक नावाचा मुलगा. शाळा जेमतेम. घर सोडून रामदिघीच्या, चिमूरजवळच्या गोंदोड्याच्या जंगलात हिंडला, राहिला. हातात वाद्य कोणतं, तर खंजिरी. वीणा नाही, सतार नाही. कुणाच्याही झोळीत मावेल अशी. त्या खंजिरीवर त्यांनी गावंच्या गावं जागी केली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर पेटलं, त्यात त्यांच्या भजनांचा वाटा होता असं इंग्रज सरकारलाही वाटलं, म्हणून तर त्यांना चंद्रपुरात पकडून आधी नागपूरच्या आणि मग रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. आणि तेरा वर्षांनी हा माणूस जपानमध्ये विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेत उभा! तिथल्या श्रोत्यांना मराठी कळत नव्हतं आणि हिंदीही कळत नव्हतं. खंजिरी कळली असणार. ठेका कळायला कुठली भाषा लागते?

माझं हे सगळं व्याख्यान तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते महाराज होते जी ताई. आन् पुरुष मानूस होते."

मी गप्प झाले. खरं सांगते, मैत्रिणींनो, याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं.

रात्री झोप लागेना. माझ्या पलंगाखाली एक सतार आहे. बी.ए.ला संगीत हा विषय होता माझा. तेव्हा विद्यापीठाच्या युवा महोत्सवात दुसऱ्या राज्यात जायची संधी आली होती आणि आमच्याकडेही असाच प्रश्न निघाला होता, सोबत कोण? सोबतीला कुणी निघालं नाही, मी गेले नाही. पुढच्या वर्षी लग्न झालं. सतार माझ्याबरोबर सासरी आली आणि पलंगाखाली गेली. कुणी मला "वाजवू नको" म्हटलं नाही, हेही तितकंच खरं. सोडायला कुणी सांगावं लागत नाही, नुसतं वाजवायला कुणी सांगितलं नाही की आपोआप सुटतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. मोठे बाबाही होते. मनात ठरवलं होतं, आज फक्त बायकांचीच उदाहरणं द्यायची.

पहिलं नाव घेतलं तीजनबाईंचं. ही तर आपली शेजारीण. कोरची ओलांडली की छत्तीसगड. पंडवानी आपल्या सीमेवरच्या गावांना नवी नाही. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या, पारधी समाजातल्या तीजनबाई. आजोबांकडून महाभारत ऐकून ऐकून पाठ. तेराव्या वर्षी शेजारच्या गावात पहिला कार्यक्रम केला, मिळाले दहा रुपये. त्या वेळी बायकांनी गायचं ते बसून. ही बाई उभी राहिली, हातात तंबुरा घेऊन. तो तंबुरा कधी भीमाची गदा, कधी अर्जुनाचं धनुष्य. पुरुषांच्या पद्धतीने उभं राहून गाते म्हणून समाजाने बाहेर काढलं. झोपडी बांधून एकटी राहिली, पण गाणं सोडलं नाही. पुढे हबीब तनवीरांसारख्या नाटकवाल्याने तिला हेरलं, आणि ही शाळेत न गेलेली बाई फ्रान्स, इंग्लंड, जर्मनी, मॉरिशस असे देश गाजवून आली. २०१९ साली पद्मविभूषण मिळालं.

"जर्मनी?" मोठ्या बाबांनी विचारलं. एवढा एकच शब्द त्यांनी उचलला. मी म्हटलं, हो, जर्मनीसुद्धा.

मग हिराबाई बडोदेकरांचं सांगितलं. मिरजेत १९०५ साली जन्मलेल्या. बाईने चार लोकांत बसून गाणं म्हणजे काय समजलं जाई, ते आपल्या आज्यांना विचारा. त्या काळात हिराबाई तिकीट लावून जाहीर मैफली करू लागल्या. अंगभर पदर घेऊन, हातवारे न करता, घरच्या देवघरात बसावं तशा बसून. लोक काय बोलणार, ते बोलणंच त्यांनी बंद करून टाकलं. स्वातंत्र्यानंतर, पन्नासच्या दशकात, भारतीय कलावंतांच्या शिष्टमंडळातून त्या चीनला आणि पूर्व आफ्रिकेतही जाऊन आल्या.

आणि त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या प्रभाताई अत्रे. यांची गोष्ट मला फार आवडते, कारण तिची सुरुवात एका आजारी आईपासून होते. आई अंथरुणाला खिळलेली. कुणीतरी सुचवलं, गाणं शिका, बरं वाटेल. पेटी शिकवायला मास्तर येऊ लागले. आईचं मन चार दिवसांत उडालं, पण बाजूला बसलेली आठ वर्षांची मुलगी ते उचलत गेली. पुढे ती विज्ञानाची पदवीधर झाली, कायद्याची पदवी घेतली, संगीतात डॉक्टरेट केली. आकाशवाणीत नोकरी केली, एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभागाची प्रमुख झाली. युरोप-अमेरिकेत मैफली केल्या, हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या संगीतशाळेत जाऊन शिकवलं. २०२४ च्या जानेवारीत त्या गेल्या, तेव्हा ९१ वर्षांच्या होत्या आणि त्याच दिवशी मुंबईला कार्यक्रमासाठी निघायचं होतं! ९१ व्या वर्षी बॅग भरलेली असणं, याला काय म्हणावं?

केसरबाई केरकरांचं मात्र मी मोठ्या बाबांना सांगितलं नाही, त्यांना ते पटलंच नसतं. तुम्हाला सांगते. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली. त्यांवर पृथ्वीची ओळख म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेवली. त्यात जगभरातलं निवडक संगीत, आणि भारतातून कोण, तर केसरबाई. भैरवीतली साडेतीन मिनिटांची चीज. दुसरं यान ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्यांचा आवाज आता दूर ताऱ्यांमधल्या अवकाशात आहे, एकटाच, सोबत कुणी नाही.

असो. मोठे बाबा म्हणाले, "या मोठ्या बाया झाल्या. आपली पोरगी लहान. कोनी फसवलं तं?"

आता हा प्रश्न खरा होता, आणि समाजकार्य करणाऱ्या बाईने तो उडवून लावायचा नसतो. आखाती देशांत "आर्टिस्ट पाहिजे", "ऑर्केस्ट्रात गाणारी पाहिजे" असं सांगून मुली नेल्या जातात आणि तिथे गेल्यावर बारमध्ये नाचायला लावतात, पासपोर्ट काढून घेतात. अशा बातम्या आपण वाचतो. म्हणून मी म्हटलं, आधी तपासू, मग ठरवू. तपासलं काय, ते सविस्तर लिहिते, कारण तुमच्यापैकी कुणाच्या लेकीला असं बोलावणं आलं तर उपयोगी पडेल.

बोलावणारं मंडळ खरोखर आहे का? आम्ही त्यांच्या आधीच्या कार्यक्रमाला गेलेल्या दोन कलावंतांचे फोन नंबर मागितले आणि बोललो. ज्या घरी राहायचं त्या घरातल्या बाईशी, पुरुषाशी नाही, व्हिडिओवर गप्पा मारल्या. ती निघाली साकोलीच्या माहेरची! मग काय, अर्धा तास धानाचा भाव आणि हरदोळीची भाजी. मानधन किती, कधी, तिकीट परतीचंही आहे का, आजारी पडली तर दवाखान्याचा खर्च कुणाचा, हे सगळं कागदावर लिहून घेतलं. युरोपातल्या त्या देशांच्या व्हिसाला तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, तो त्यांनी काढला. परतीचं तिकीट हातात नाही तर निघायचं नाही, आणि पासपोर्ट कुणाच्याही हाती द्यायचा नाही, अगदी "सांभाळून ठेवते" म्हणणाऱ्या काकूच्याही नाही. हे दोन नियम मी तिच्याकडून पाठ करून घेतले.

दुसरी चूक फार जण करतात. फिरायला जातो असं सांगून व्हिसा काढायचा आणि तिथे पैसे घेऊन गायचं. तसं करू नये. अमेरिकेत पर्यटक म्हणून जाऊन मानधनाचा कार्यक्रम करता येत नाही. कलावंतांचा व्हिसा वेगळा, आणि त्यासाठी अर्ज बोलावणाऱ्यांनी तिकडे करायचा असतो. इंग्लंडचे नियम वेगळे, जर्मनीचे वेगळे. कार्यक्रमाला जातो आहोत हे अर्जात खरं लिहावं आणि त्या देशाच्या वकिलातीचं म्हणणं वाचावं. विमानतळावर बॅगेतून पेटी निघाल्यावर "मी मावशीला भेटायला आले" हे कोण ऐकेल?

पासपोर्टचं मात्र आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. पोस्टातसुद्धा केंद्रं निघाली आहेत. आणि लग्न झालेल्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते, २०१६ च्या डिसेंबरपासून पासपोर्टला विवाह नोंदणीचा दाखला जोडायची सक्ती नाही. नाव माहेरचंच ठेवायचं असेल तर तेही चालतं.

बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागलं. सोबत मी गेले. ब्रह्मपुरीहून गोंदिया, तिथून विदर्भ एक्स्प्रेस. रात्री तिने वरच्या बर्थवरून खाली वाकून विचारलं, "काकू, तुमची सतार का करते?" मी म्हटलं, झोप आता.

आता वाद्यांचं. एकट्या वादकाचं निम्मं लक्ष वाद्यात अडकलेलं असतं. मिरजेची तंबोऱ्याची जोडी घेऊन विमानात बसणं किती कठीण, विचार करा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठाले भोपळे, नाजूक तबली. मिरजेत जवळपास पावणेदोनशे वर्षांपूर्वी हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार कारागिरांनी ही वाद्यं बनवायला घेतली आणि २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. पण प्रवासाला तो भोपळा चालत नाही. म्हणून बिनभोपळ्याचे, पेटीसारखे चपटे तंबोरे निघाले. १९७९ साली बंगळुरूच्या राजनारायण यांनी विजेवरचा तंबोरा काढला, आणि आता तर तो मोबाईलमध्येच आला. एकट्या गाणारीला हा मोठा आधार. मागे बसून तंबोरा छेडायला कुणाला नेणार?

आपल्या जंगल भागातल्या बायकांनी आणखी एक लक्षात ठेवावं. जुन्या सतारींच्या आणि तंबोऱ्यांच्या घोड्या सांबरशिंगाच्या असायच्या, कधी हस्तिदंताच्याही. वन्यजीव कायदा १९७२ चा. ताडोबाच्या बाजूला राहणाऱ्याला तो पाठच असतो, गळून पडलेलं शिंगसुद्धा उचलून घरी आणता येत नाही. तसं वाद्य विमानतळावर निघालं तर कार्यक्रम राहिला बाजूला! आता उंटाच्या हाडाच्या किंवा कृत्रिम घोड्या मिळतात. शिसवीच्या लाकडावरही २०१७ साली जगभर निर्बंध आले होते, तयार वाद्यांना २०१९ साली त्यातून सूट मिळाली. आणि खंजिरी? दक्षिणेकडची खंजिरी पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवत. घोरपड कायद्याने संरक्षित, म्हणून तेही गेलं. हिच्या खंजिरीला बकरीचं कातडं आहे. तरी आम्ही कारागिराकडून तसं लिहून घेतलं आणि पेटीची पावती, फोटोही जवळ ठेवले. जाताना कस्टमच्या लोकांकडून वाद्याची नोंद करून दाखला घेता येतो, म्हणजे येताना "हे तिकडून विकत आणलं" असा आरोप होत नाही.

मोठ्या बाबांनी "हो" म्हटलं नाही. "तुमच्या जिम्मेदारीवर पाठवा," म्हणाले. म्हणजे काही झालं तर मी. चालेल म्हटलं. नागपूरच्या विमानतळावर ती आत गेली तेव्हा तिची आई रडली नाही, मी रडले.

आणि झालंच! पहिल्या गावी पोचल्यावर पेटी उघडली तर काळी चारचा सूर बंद. पेटी वाजवणाऱ्यांना कळेल मी काय म्हणते ते. तिची पट्टीच काळी चार. म्हणजे षड्जच गेला. कार्यक्रम चार तासांवर. मला फोन आला, आवाज कापत होता. मी इथून काय करणार? म्हटलं, मोबाईलचा तंबोरा लाव आणि खंजिरीवर गा. पण बाहेर पाऊस, थंडी, खंजिरीचं कातडं ढिलं पडलेलं. इथे असती तर चुलीजवळ धरली असती. तिथे चूल कुठली? साकोलीच्या त्या बाईने केस वाळवायचं यंत्र आणून दिलं. खंजिरी त्याच्यापुढे धरून शेकली आणि पोरगी उभी राहिली. दीडशे माणसं होती. पेटी नाही, तबला नाही. दीड तास!

"पहिली दहा मिनिटं खूप भीती वाटली काकू," ती नंतर सांगत होती. "कंपनीत असते तेव्हा मी चुकले तर तबला सावरून घेतो. इथे मी थांबले की सगळंच थांबते. शांतता केवढी मोठी असते तिथे. मग मला आजीचं दळण आठवलं. ती एकटीच तर म्हणते, जात्यावर."

हे तिने सांगितलं आणि मला वाटलं, खरंच की. बाईचं गाणं आपल्याकडे आधी एकटीचंच होतं. जात्याचा ठेका, हातात खुंटा, ऐकायला कुणी नाही.

दुसऱ्या गावी एका मराठी इंजिनिअरने पेटी खोलून दिली. सुराच्या पट्टीखाली कचरा अडकला होता, कागदाची पातळ पट्टी सरकवून काढला. पाच मिनिटांचं काम. आता ती स्वतः शिकली आहे. एकट्याने फिरायचं तर वादकाने थोडं मिस्त्रीही व्हायला हवं.

पुढचं लिहू की नको असा विचार करत होते. तिला विचारूनच लिहिते आहे. तिसऱ्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तिला पाळी आली. कार्यक्रम गणपतीपुढे. इथे असती तर दुसरी कुणी बसली असती, आपण काही न बोलता मागे सरकतो, कुणाला कारणही सांगत नाही. तिथे दुसरी होतीच कोण? घरच्या बाईला सांगावं का, आईला फोन करावा का, असं करत दुपार गेली. शेवटी तिने आजीला फोन केला, आईला नाही. सत्तरी ओलांडलेली आजी. आजीने विचारलं, "पोट दुखून राहिलं का? काही गरम पी अन् गाय." बस, एवढंच. पोरीने आल्याचा चहा प्यायला, गोळी घेतली आणि गायली. आजीने हे घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. आम्हा दोघींनाही ती परत आल्यावर कळलं, तेव्हा आई पाच मिनिटं काही बोललीच नाही, मग हसायला लागली.

मला तिने आणखी एक सांगितलं. एक म्हातारा जर्मन शेजारी कार्यक्रमानंतर खंजिरी हातात घेऊन उलटसुलट करून बघत बसला होता, कातडं कशाचं विचारत होता. त्याच्याकडून तिला कळलं, तिकडे रस्त्यावर एकेकटे वादक उभे राहून वाजवतात, पुढे टोपी किंवा पेटी उघडी ठेवतात, लोक पैसे टाकतात, आणि त्याला कुणी भीक म्हणत नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत तर २००३ पासून अशा वादकांना परीक्षा घेऊन परवाना आणि जागा देतात. हे ऐकून मला आपले वासुदेव, पांगुळ आठवले. आपण त्यांना पसाभर तांदूळ घालतो आणि दार लावतो. नाव विचारलंय का कधी?

मानधनातून तिने आधी पेटीला चांगली मजबूत पेटी करून घेतली, मग घरचं थोडं कर्ज फेडलं. दिवाळीनंतर पुन्हा वडशाला कंपनीत रुजू झाली. मध्ये एक स्थळ आलं, मुलगा शिक्षक, बघायला आलेल्या मंडळींनी विचारलं, "लग्नानंतरही असं जानार का?" आईने आधी माझ्याकडे बघितलं, मग म्हणाली, "बोलावलं तं जाईल." ते स्थळ काही पुढे आलं नाही. मोठे बाबा पंधरा दिवस बोलले नाहीत. घरात याचा ताण आहे, नाही असं नाही, आणि मीही "तुमच्या जिम्मेदारीवर" मधून अजून सुटलेली नाही. एखादे दिवशी रात्री वाटतंही, आपण दुसऱ्याच्या लेकीच्या आयुष्यात फार तर हात घातला नाही ना?

परवा तिची आई पुन्हा आली होती. या वेळी दोन बोलावणी आहेत. जर्मनीचं तेच मंडळ आणि शिवाय मॉरिशस. तिथे आपले मराठी लोक इंग्रजांच्या काळात, जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी, उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेले ते तिथलेच झाले. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. आजीला मॉरिशस जास्त पसंत आहे, तिकडे थंडी नाही म्हणून.

मोठे बाबा अजून काही बोललेले नाहीत. रविवारी आम्ही दोघी त्यांच्याकडे जाणार आहोत. सतारीला नव्या तारा चढवायला नागपूरला दिली आहे, ती त्याच्या आत परत मिळाली तर बरं, असं मी दुकानदाराला सांगून आले आहे.